पाणी कोठे मुरते?

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्याच्या दक्षिण भागात काही तास मुसळधार पाऊस कोसळला आणि कात्रजच्या बाजूने उतरणाऱ्या आंबील ओढ्याने सहकारनगर, अरण्येश्वर, दांडेकर पूल या वस्त्यांतून हाहाकार उडवला. भिंती कोसळल्या, मोटारी काड्यापेट्यांसारख्या वाहून गेल्या, गोठ्यांतील जनावरे दावणीलाच मेली. शहर आणि जिल्हा मिळून वीसहून अधिक माणसे प्राणास मुकली. पुणेकरांच्या मनात पूर म्हटले की १२ जुलै १९६१ चे पानशेत उभे राहते. परंतु या वेळी कोणतेही धरण फुटलेले नव्हते. शहरावर पडलेल्या पावसाचाच हा पूर होता आणि तो शहरानेच तयार केला होता.

पूर ओसरला, पंचनामे झाले आणि दरवर्षीचे ठरलेले निदान पुढे आले: ओढ्यात अतिक्रमण झाले आहे. अतिक्रमण झालेलेच होते, हे कोणी नाकारत नाही. ओढ्याचे पात्र दाबून उभारलेल्या सोसायट्यांच्या सीमाभिंती आणि पात्र वळवून बसवलेली बांधकामे ज्याला पाहायची आहेत त्याला आजही दिसतील. तथापि निदान जरी सर्वांचे असले तरी औषध मात्र एकालाच पाजले जाते. २४ जून २०२१ रोजी, करोनाच्या साथीत आणि भर पावसाळ्यात, दांडेकर पुलाजवळच्या आंबील ओढा वसाहतीतील घरांवर यंत्रे चालवण्यात आली आणि न्यायालयाची स्थगिती आली तेव्हाच ती थांबली. मुंबईत २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मिठी नदीच्या काठी हेच घडले होते. काठावरच्या झोपड्या हटवल्या गेल्या. त्याच नदीच्या दलदलीत भराव घालून उभे राहिलेले वांद्रे-कुर्ला संकुल मात्र जागचे हलले नाही. उलट देशातील सर्वांत महाग जमिनींपैकी एक म्हणून त्याची कीर्ती वाढतच गेली.

येथे एक साधा प्रश्न विचारला पाहिजे. ओढ्यात आलेले पाणी आले कोठून? झोपडपट्टीच्या पत्र्यावर पडलेल्या पावसाने आंबील ओढ्याला पूर येत नाही. बारा चौरस मीटरच्या खोलीच्या पत्र्यावर ५० मिलिमीटर पाऊस पडला तर सहाशे लिटर पाणी होते, म्हणजे तीन पिंपे. तोच पाऊस एखाद्या व्यापारी संकुलाच्या एक हेक्टर फरसबंद वाहनतळावर पडला तर पाच लाख लिटर पाणी होते, म्हणजे दहा हजार लिटरचे पन्नास टँकर. हे पन्नास टँकर संकुलाचा मालक उताराने खाली सोडून देतो, तेही एका तासात आणि फुकट. खालच्या वस्तीतील बाई रात्री दोन वाजता पोरांना खांद्यावर घेऊन जे गुडघाभर पाणी तुडवते, ते या वरच्या पाण्याचे बिल होय. अर्थशास्त्रज्ञ याला बाह्य खर्च म्हणतात. साध्या मराठीत याला आपल्या अंगणातला केर दुसऱ्याच्या दारात लोटणे असे म्हणतात.

या बाह्य खर्चाची नोंद सरकारी कागदांतच सापडते. मुंबईची जुनी पर्जन्यजलव्यवस्था ताशी २५ मिलिमीटर पावसासाठी आणि तेही ओहोटीच्या वेळेचा हिशेब धरून बांधलेली होती. हा २५ चा आकडा वर्तमानपत्रांनी पुष्कळदा छापला आहे. त्याच्या शेजारचा दुसरा आकडा मात्र क्वचितच कोणी छापतो. त्या आखणीत वाहून जाणाऱ्या पाण्याचा गुणांक ०.५ धरलेला होता. म्हणजे पडलेल्या पावसापैकी अर्धा पाऊस जमीन पिऊन टाकील आणि उरलेल्या अर्ध्याचीच सोय गटारांनी करायची, असा तो हिशेब होता. १९९३ साली ब्रिमस्टोवॅड या नावाने ओळखला जाणारा अहवाल तयार झाला. त्यानुसार क्षमता ताशी ५० मिलिमीटर करायचे ठरले आणि गुणांक धरला गेला १. म्हणजे जमीन आता एक थेंबही पिणार नाही, आकाशातून पडेल ते सर्व गटारातून वाहील. अभियंत्यांना यात दोष देता येणार नाही. त्यांनी समोर दिसणारे सत्य लिहिले. परंतु ०.५ चा १ झाला या एका ओळीत साठ-सत्तर वर्षांच्या नागरी जमिनीच्या व्यापाराचा सगळा इतिहास आलेला आहे. पूर्वी अर्धा पाऊस सांभाळण्याचे काम मैदाने, चिखलवाटा, खाजणे, वाड्यांची परसे आणि रस्त्याकडेची उघडी माती करत असे. त्या कामाचे पैसे कोणी कोणाला देत नव्हते, म्हणून त्याची किंमत शून्य धरली गेली. ती जमीन विकली गेली तेव्हा भूखंडाचा नफा मालकाने घेतला. आणि जमीन जे काम करत होती ते करण्यासाठी हाजीअली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया आणि गझदरबंध येथे समुद्रात पाणी फेकणारी उदंचन केंद्रे सार्वजनिक पैशातून उभारावी लागली. नफा खाजगी आणि तोटा सार्वजनिक, याहून स्वच्छ उदाहरण अर्थशास्त्राच्या वर्गातही शिकवायला मिळणार नाही.

एवढे होऊनही गुणांक १ वर थांबलेला आहे असे समजून चालता येत नाही, कारण जी माती अजून उरली आहे ती बुजवण्याचे काम जोरात चालू झाले. जानेवारी २०२३ मध्ये मुंबईत सुमारे ४०० किलोमीटर रस्त्यांच्या काँक्रीटीकरणाचा प्रारंभ करण्यात आला. खर्च सुमारे ६१०० कोटी रुपये. शहरातील एकूण दोन हजारांवर किलोमीटर रस्त्यांपैकी बाराशे किलोमीटर काँक्रीटचे झालेले आहेत किंवा होत आहेत, असे त्या वेळी अभिमानाने सांगण्यात आले. खड्डे कोणालाच आवडत नाहीत आणि डांबरही काही पाणी पीत नाही, हे खरेच. परंतु जुना डांबरी रस्ता मधोमध असे आणि त्याच्या दोन्ही अंगांना मातीच्या साइडपट्ट्या असत. नवा रस्ता भिंतीपासून भिंतीपर्यंत जातो. पदपथावर सिमेंटचे ठोकळे बसतात, ठोकळ्यांच्या फटींत पुन्हा सिमेंट भरले जाते आणि ते झाडाच्या बुंध्याशी जाऊन थांबते. दिल्लीत तर झाडांभोवतीची एक मीटर जमीन मोकळी करा, असे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाला २०१३ साली आदेशाने सांगावे लागले.

आता उपायाकडे वळायचे. उपाय इतका साधा आहे की तो ऐकल्यावर कंत्राटदाराचा चेहरा उतरतो. आपल्या कोणत्याही शहरातील रस्तादुभाजक किंवा महापालिकेची बाग पाहावी. भोवती दगडी किंवा सिमेंटची कड, आत माती भरून रस्त्यापेक्षा फूट-दीड फूट उंच केलेली, त्यात हिरवळ. पाऊस पडला की बागेतली माती धुऊन रस्त्यावर येते आणि रस्त्यावरचे पाणी गटाराकडे धावते. बाग उंच आणि रस्ता खोल. ही रचना उलटी करावी, एवढेच पाऊसबागेचे तत्त्व आहे. बाग रस्त्याहून अर्धा फूट खाली घ्यावी, कडेला खाचा ठेवाव्यात आणि छपराचे, अंगणाचे, रस्त्याचे पाणी तिच्यात उतरू द्यावे. ते तेथे काही तास थांबते, गाळ खाली बसतो, पाणी मातीत मुरते आणि जे मुरत नाही ते मागाहून सावकाश गटारात जाते.

इंग्रजीत याला रेन गार्डन म्हणतात. अमेरिकेतील मेरीलँड राज्यात, प्रिन्स जॉर्जेस परगण्यात, १९९० च्या सुमारास एका घरबांधणी प्रकल्पाने ही कल्पना प्रथम वस्तीभर राबवली. तेथे हेतू परोपकाराचा नव्हता. पाणी साठवण्यासाठी एक मोठे तळे राखून भूखंड गमावण्यापेक्षा प्रत्येक घराच्या बागेत एक उथळ खळगा केला तर खर्च वाचतो, हे त्या विकसकाला कळले होते. भांडवलदाराने स्वत:च्या फायद्यासाठी शोधलेली वस्तू म्हणून ती वाईट ठरत नाही; यंत्रमागाच्या बाबतीतही कोणी तसे म्हटलेले नाही.

या बागेचा हिशेब कोणत्याही कार्यकर्त्याला पाटीवर मांडता येईल. शंभर चौरस मीटरचे छप्पर घ्यावे. त्याच्यासाठी पंधरा चौरस मीटरची बाग, सहा इंच खोल. खळग्यात वरच्या वर सव्वादोन हजार लिटर पाणी उभे राहते. खाली दोन फूट माती वाळू आणि कुजलेले खत मिसळून भुसभुशीत केलेली असेल, तर तिच्या पोकळीत आणखी अठराशे लिटर मावते. म्हणजे छप्पर आणि बाग या दोहोंवर पडलेला पहिला ३५ मिलिमीटर पाऊस गटाराकडे जातच नाही. पाऊस पडत असताना जे मुरत राहील ते वेगळेच. बाग इमारतीच्या पायापासून दहा फूट तरी दूर असावी, पाणी जेथे आत येते तेथे दगडगोटे मांडावेत म्हणजे माती खणली जात नाही आणि जास्तीचे पाणी जाण्यास एक वाट राखावी. झाडे अशी हवीत की जी चार दिवस पाण्यात उभी राहतील आणि चार महिने पाण्यावाचूनही तगतील. ती परदेशातून मागवावी लागत नाहीत. वाळा, लव्हाळा, कर्दळ आणि ओढ्याकाठची निर्गुंडी हे काम पिढ्यान्‌पिढ्या करत आली आहेत. रोपवाटिकेच्या निविदेत त्यांची नावे सापडणार नाहीत, कारण त्यांत टक्केवारी नसते.

डासांचा आक्षेप हमखास घेतला जातो. डासाच्या अंड्यापासून डास होण्यास सुमारे आठवडा लागतो. नीट केलेल्या पाऊसबागेतील पाणी एक-दोन दिवसांत जिरले पाहिजे आणि जिरत नसेल तर ती बाग चुकलेली आहे. डास वाढतात ते तुंबलेल्या गटारात आणि बांधकामाच्या उघड्या टाक्यांत. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, तो मातीचा. पुण्याच्या अनेक भागांत वर चिकट काळी माती आहे. ती भिजली की फुगते आणि पाणी खाली जाऊ देत नाही. अशा ठिकाणी काळ्या मातीचा थर काढून मुरमापर्यंत जावे लागते किंवा तळाशी भोके पाडलेली नळी टाकावी लागते. तरीही जमीन पाणी पिणार नाही अशा जागा असतातच. परंतु तेथेही बाग निरुपयोगी ठरत नाही. आंबील ओढ्यासारख्या आखूड आणि तीव्र उताराच्या ओढ्यांचा पूर एक-दोन तासांचा असतो. सगळीकडचे पाणी एकाच वेळी पुलाखाली येते म्हणून तो पूर होतो. तेच पाणी चार तासांत विभागून आले, तर तो नुसता दुथडी वाहणारा ओढा असतो. मुरवणे साधले नाही तरी उशीर करणे साधते आणि खालच्या वस्तीच्या दृष्टीने उशीर म्हणजे जीव.

पाऊसबागेकडून काय होणार नाही, हेही स्वच्छ सांगितले पाहिजे, कारण चळवळीने खोटी आश्वासने विकायची नसतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. म्हणजे वर सांगितलेल्या शंभर मीटरच्या छपरावर चौऱ्याण्णव हजार लिटर पाणी. चार हजार लिटरची बाग त्यात कोठल्या कोठे बुडून जाते. चीनने तर २०१५ पासून सोळा शहरे निवडून पाणी शोषणारी शहरे, म्हणजे स्पंजनगरे, घडवण्याची राष्ट्रीय योजनाच हाती घेतली. पुढे या कामात मोठा खर्च करणाऱ्या चंगचौ शहरात २० जुलै २०२१ रोजी एका तासात २०१.९ मिलिमीटर पाऊस पडला. भुयारी रेल्वेत माणसे बुडाली आणि त्या एका शहरात तीनशेहून अधिक मृत वा बेपत्ता झाले. तद्वतच जुलै २०२४ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत मुठेचे पाणी शिरले, तेव्हा खडकवासल्यातून विसर्ग सुरू होता. तो नदीपात्राचा आणि पूररेषेचा प्रश्न आहे. त्यावर बागेचे उत्तर देणे हा चावटपणा ठरेल. पाऊसबाग ही वर्षातून पंधरा-वीस वेळा येणाऱ्या सर्वसाधारण जोरदार पावसावरची तजवीज आहे. पण मजूर, फेरीवाले, रिक्षावाले आणि तळमजल्यावरचे भाडेकरू यांचे जे दिवस दरवर्षी बुडतात, ते बहुतेक याच पावसांत. शतकातून एकदा येणाऱ्या पुराची बातमी होते, तर या दरवर्षीच्या पाण्याची होत नाही.

जी गोष्ट इतकी साधी आहे ती होत का नाही? मराठीत कोठेतरी पाणी मुरते आहे असे म्हणतात, तेव्हा त्याचा अर्थ पाण्याशी नसतो. मातीत पाणी मुरत नाही, कारण ते अन्यत्र मुरत असते. नालेसफाईचे उदाहरण घ्या. दर उन्हाळ्यात गाळ काढला जातो, वजनावर पैसे दिले जातात आणि काढलेला गाळ कोठे गेला हे कोणी पाहिलेले नसते. मिठी नदीच्या गाळाच्या कामात सुमारे ६५ कोटी रुपयांची फसवणूक झाल्याच्या आरोपावरून २०२५ साली मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने गुन्हा नोंदवला. न्यायालयात काय ठरायचे ते ठरेल. परंतु वरचे पाणी वरच अडवले तर खाली वाहून येणारा गाळच कमी होतो आणि ज्यांचा धंदा गाळाच्या वजनावर चालतो त्यांना हे रुचणार नाही, हे सांगण्यास न्यायालयाची गरज नाही.

दुसरीकडे पाऊसबागेचे जे भक्त आहेत त्यांचाही समाचार घेतला पाहिजे. मोठ्या गृहसंकुलांच्या माहितीपत्रकांत ती आता पोहण्याच्या तलावाशेजारी झळकू लागली आहे. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीतून एखाद्या चौकात एक नमुना उभा राहतो, फीत कापली जाते, फलकावर कंपनीचे नाव येते आणि दुसऱ्या वर्षी त्या खळग्यात प्लास्टिकच्या पिशव्या साचतात. महापालिकांचे धोरणही याच वळणाचे आहे. पावसाचे पाणी साठवणे वा मुरवणे, सौरऊर्जा, गांडूळखत असे काही करणाऱ्या मिळकतधारकास पुणे महापालिका मिळकतकरात पाच ते दहा टक्के सवलत देत आली आहे. हेतू चांगला असेल. परंतु याचा अर्थ असा होतो की ज्याच्याकडे जमीन आहे त्याने स्वत:चे पाणी स्वत:च्या जमिनीत जिरवण्याचे कर्तव्य केले, तर त्याला बक्षीस. न केल्यास शिक्षा नाही. आणि ज्याच्याकडे एक वीतही उघडी जमीन नाही, म्हणजे चाळकरी आणि झोपडीवासी, त्याच्या कररूपाने वा महागाईरूपाने त्या बक्षिसाचा भार सोसला जातो. कर्तव्याला बक्षीस लावणारी ही नीती घराबाहेर केर न टाकल्याबद्दल मानधन देण्यासारखी आहे.

ही नीती उलटी करता येते, आणि तसे करणारे देश साम्यवादी नाहीत. जर्मनीतील शहरांत सांडपाण्याच्या आकारापासून पावसाच्या पाण्याचा आकार वेगळा काढला गेला आणि तो फरसबंद जमिनीच्या चौरस मीटरवर बसवला गेला. फिलाडेल्फिया शहराने २०१० पासून हेच तत्त्व मोठ्या मिळकतींना लावण्यास आरंभ केला आणि पुढच्याच वर्षी पंचवीस वर्षांची योजना हाती घेऊन जमिनीखालच्या प्रचंड बोगद्यांऐवजी रस्त्याकडेच्या बागांवर आणि पाझरखड्ड्यांवर भर दिला. जो जितकी जमीन झाकील तितके त्याने भरावे. जो पाणी आपल्या आवारात जिरवील त्याचा आकार कमी व्हावा. ठरावीक क्षेत्राखालील घरे, चाळी आणि झोपड्या यांना संपूर्ण माफी द्यावी आणि येणारा पैसा पर्जन्यजलाच्या स्वतंत्र खात्यात ठेवून वरच्या बाजूच्या पाऊसबागा आणि खालच्या वस्त्यांचे संरक्षण यांवरच खर्च व्हावा. नवा आकार म्हटला की पक्षाच्या बैठकीत चुळबूळ सुरू होते, हे खरे आहे. परंतु समाजवाद्यांनी करवाढीला विरोध करायचा तो कर गरिबांवर पडतो म्हणून. पन्नास टँकर पाणी दुसऱ्याच्या घरात सोडणाऱ्यावर आकार बसत असेल, तर त्याच्या बाजूने मोर्चा काढण्याचे कारण नाही.

येथे कार्यकर्त्यांमधील एका समजुतीशी भांडण उरते. बाग हा विषय निघाला की अनेक निष्ठावंत कार्यकर्ते हसतात. घरे नाहीत, रेशन नाही, काम नाही आणि या बागा कसल्या करता? बागकाम हा सुखवस्तूंचा छंद आहे, ही समज वरवर पाहता क्रांतिकारक वाटते, पण ती चळवळीच्या स्वत:च्या इतिहासाचे अज्ञान दाखवते. महात्मा फुल्यांनी १८८३ साली पूर्ण केलेल्या 'शेतकऱ्याचा आसूड' मध्ये सरकारला जे उपाय सुचवले, त्यांत पावसाचे पाणी शेतांतून मुरत मुरत मग नाल्याला मिळावे अशा रीतीने ताली आणि बंधारे घालण्याचा उपाय आहे. ते काम सरकारने आपल्या पदरच्या फौजेकडून आणि पोलिसांकडून करून घ्यावे, असेही त्यांनी सुचवले होते. त्याच फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. पाणी अडवणे आणि पाणी कोणाचे हे विचारणे ही दोन कामे त्यांनी कधी वेगळी केली नाहीत. पेशवाईतील पुण्याने कात्रजच्या तलावातून शहरात पाणी आणले, आंबील ओढ्याचा प्रवाह वळवला, पर्वतीच्या पायथ्याशी तळे केले. या कारागिरीचे कौतुक जरूर व्हावे. परंतु कोणत्या हौदावर कोणी भरायचे हे जात ठरवत असे, हे कौतुक करणारे विसरतात. पुढे ते तळेही गेले. सारसबागेतल्या देवाला लोक अजून तळ्यातला गणपती म्हणतात, तळे मात्र नावापुरते उरले.

आणि पाझर तलाव? १९७२ च्या दुष्काळात लाखो स्त्री-पुरुष खडी फोडत, माती उपसत रस्त्यांवर आणि तलावांवर राबले; त्या कामाला दाम मिळावा, काम हा हक्क ठरावा यासाठी गावोगाव मोर्चे निघाले; त्यातून महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा १९७७ साली आला. त्या कामांवर खणले गेलेले पाझर तलाव म्हणजे पाऊसबागेचेच थोरले भावंड. खेड्यातील मजुराने टेकडीखाली खळगा खणला तर तो विकास आणि शहरातील मजुराने शाळेच्या मैदानाकडेला खणला तर तो छंद, असा भेद कोणत्या शास्त्रात बसतो? तो कायदा मुख्यत: ग्रामीण भागासाठी राहिला. शहरातील हाताला कामाची हमी देण्याचा प्रयत्न केरळने २०१० साली आणि राजस्थानने २०२२ साली केला. महाराष्ट्र, ज्याने हमीची कल्पनाच देशाला दिली, तो या बाबतीत मागे राहिला. पाऊसबागेच्या खर्चात सर्वांत मोठा वाटा अंगमेहनतीचा असतो, सिमेंट आणि यंत्रे यांचा नाममात्र. शंभर कोटींचे उदंचन केंद्र उभारले तर पैसा पंप बनवणाऱ्याकडे आणि वीज कंपनीकडे जातो. तीच रक्कम मातीकामात घातली तर ती मजुरीच्या रूपाने त्याच वॉर्डातील वाण्याच्या दुकानात फिरते. उदंचन केंद्रे नकोत असे यातून निघत नाही. भरतीच्या वेळी मुंबईला दुसरा इलाज नाही. परंतु ज्या शहराला समुद्र नाही त्यानेही पाण्याचा प्रश्न नुसत्या नळ्या वाढवून सोडवावा, हा हट्ट निविदेतून येतो, भूगोलातून नव्हे.

देखभालीचा मुद्दा मात्र सोपा नाही. पाऊसबागेचा गाळ दर वर्षी वळवापूर्वी खरवडून काढावा लागतो, झाडे छाटावी लागतात, खाचा मोकळ्या कराव्या लागतात. हे केले नाही तर तीन वर्षांत तिचा तळ बुजतो. हे काम कंत्राटदाराकडे गेले, तर नालेसफाईचा प्रकार येथेही होईल. म्हणून मागणी बागेची नुसती नसावी. ती बाग राखणाऱ्या कायम कामगाराची असावी. वर्षानुवर्षे गटारात उतरून जीव धोक्यात घालणाऱ्या कंत्राटी सफाई कामगारांना या कामावर प्रथम हक्काने आणि महापालिकेच्या पटावर घेतले पाहिजे. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालून त्या कामगारांच्या पुनर्वसनाची जबाबदारी सांगणारा कायदा २०१३ साली झाला. पुनर्वसन म्हणजे काय, याचे एक ठोस उत्तर या मातीत मिळू शकते. कामगार संघटनांनी हा मुद्दा पर्यावरणवाद्यांवर सोपवून देऊ नये.

यासाठी वरून आदेश येण्याची वाट पाहावी लागत नाही. महापालिकेचे अंदाजपत्रक तयार होत असते तेव्हा प्रत्येक वॉर्डातून तीन आकडे लेखी मागता येतात: गेल्या पाच वर्षांत किती चौरस मीटर उघडी जमीन काँक्रीटखाली गेली, त्यावर किती खर्च झाला आणि पाणी जिरवण्यासाठी किती. माहितीचा अधिकार कायदा त्यासाठी पुरेसा आहे. वॉर्डातील वरच्या उतारावरची सार्वजनिक जागा, म्हणजे शाळांची मैदाने, बागा, रुग्णालयांची आवारे, रस्तादुभाजक, यांची यादी झोपडपट्टीतील मंडळींना बरोबर घेऊनच करावी. कारण पाणी कोणत्या गल्लीने, किती वाजता आणि कोणत्या उंबऱ्यापर्यंत येते हे नगररचना विभागाच्या नकाशावर नसते. ते त्यांना तोंडपाठ असते. ज्यांची घरे ओढ्यासाठी पाडायला यंत्रे येतात, त्यांच्याच हाती वरच्या पाण्याचा नकाशा असला, तर पाडापाडीच्या नोटिशीला उत्तर देताना तो उपयोगी पडेल: आधी वरचे किती टँकर अडवले ते दाखवा, मग आमच्या खोल्यांचे बोला.

आणि अधिकाऱ्याकडून जमीन पाणी पीत नाही हे ठरलेले उत्तर येणार, हे धरूनच निवेदनापूर्वी चाचणी करून ठेवावी. चैत्र-वैशाखात, त्या जागी फूटभर खोल आणि तेवढाच रुंद खड्डा घ्यावा, एकदा पाण्याने भरून जिरू द्यावा म्हणजे कोरडी माती फसवणार नाही, मग पुन्हा भरून कडेला काठी रोवावी आणि दर तासाला किती बोटे पाणी उतरले याची वहीत नोंद करावी. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी खड्डा रिकामा असेल तर जागा योग्य आहे. वहीचे ते पान दोन-चार रहिवाशांच्या सह्यांनिशी निवेदनाला जोडावे. एक कुदळ, चार बादल्या पाणी आणि एक दिवस, एवढाच त्याचा खर्च आहे.